आकड्यांशी गप्पा : दोन रांगांमधला भाव



मागच्या अंकात आपण विजेच्या बिलावरचे आकडे वाचायला शिकलो. तुमची पुष्कळ पत्रं आली. काहींनी तर घरातल्या एकूण एक दिव्याचे वॅट लिहून पाठवले. शाबास! या वेळचा विषय मात्र मी निवडलेला नाही, तो एका पत्रानं निवडलाय. सातवीतला एक वाचक लिहितो :

"बाई, माझा दादा कॉलेजात आहे. तो मोबाइलवर शेअर घेतो आणि त्याच दिवशी विकतो. तो म्हणतो, पडद्यावर खाली दोन आकडे असतात. घेणाऱ्यांचा आकडा विकणाऱ्यांपेक्षा मोठा असला की भाव वर जातो. त्या दिवशी घेणारे दुप्पट होते. दादानं शेअर घेतले आणि भाव खाली गेला. दोन हजार रुपये गेले. ते त्याच्या क्लासच्या फीचे होते. आई त्याच्याशी बोलत नाही. मला एवढंच विचारायचंय, घेणारे जास्त असले की भाव वाढतो, हे खरं की खोटं?"

प्रश्न अगदी सरळ आहे. उत्तर मात्र 'थोडं खरं, बरंचसं खोटं' असं आहे. कुठवर खरं आणि कुठून पुढे खोटं, हे तुम्हाला येतं तेवढ्याच गणितानं दाखवता येईल. पालकहो, पान मुलांचं असलं तरी आज तुम्हीही शेजारी बसा.

आधी थोडी ओळख. कंपनीच्या मालकीचे सारखे छोटे छोटे वाटे केले की एकेका वाट्याला शेअर म्हणतात. ज्याच्याकडे शेअर, तो कंपनीचा तेवढ्यापुरता मालक. हे वाटे जिथे विकले आणि घेतले जातात तो शेअरबाजार. आता शेअरचा भाव कोण ठरवतं? सरकार? कंपनी? छे! कुणीच ठरवत नाही. तो ठरत जातो.

तुमच्यापैकी नाशिककडच्या मुलांनी लासलगावचा कांद्याचा लिलाव पाहिला असेल. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर उभा असतो, व्यापारी भोवती गोळा होतात, बोली चढत जाते आणि सगळ्यांत जास्त बोली लावेल त्याचा कांदा. तिथं विकणारा एक असतो आणि घेणारे अनेक. शेअरबाजारात घेणारेही अनेक आणि विकणारेही अनेक. म्हणजे एकाच वेळी दोन लिलाव! घेणारे म्हणतात, "मी एवढे देईन." विकणारे म्हणतात, "मी एवढ्याला देईन." दोघांचं जमलं की सौदा होतो. सौदा ज्या किमतीला झाला, तो त्या क्षणाचा भाव.

मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरचा बाजार तर फार जुना. तिथल्या दलालांची संघटना १८७५ साली स्थापन झाली. पुढे कितीतरी वर्षं हा व्यवहार तोंडी चालायचा. दलाल एका मोठ्या रिंगणात उभे राहून ओरडायचे, हातवारे करायचे. मी ते पाहिलेलं नाही, फोटोत मात्र बघितलंय. शाळा सुटतानाची गर्दी परवडली! त्या गोंगाटात कोण किती घेणार, किती विकणार, हे रिंगणाबाहेरच्या माणसाला कळायची सोय नव्हती. जुन्या गुरांच्या बाजारात तर उपरण्याखाली हात धरून, बोटं दाबून भाव ठरायचा. बघणाऱ्याला काही कळू नये, हाच त्यामागचा हेतू.

३ नोव्हेंबर १९९४ रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये शेअरचे सौदे संगणकाच्या पडद्यावर सुरू झाले. मार्च १९९५ मध्ये दलाल स्ट्रीटवरच्या बाजारातही पडदा आला. ओरडा थांबला आणि आधी दलालांच्या तोंडात असलेली रांग सगळ्यांना दिसू लागली. कोल्हापूरच्या माणसाला दिसते तीच मुंबईच्या माणसाला. पत्रातला दादा बघतो ती हीच रांग. खरं म्हणजे रांगा दोन असतात. घेणाऱ्यांच्या रांगेला 'बिड' म्हणतात आणि विकणाऱ्यांच्या रांगेला 'आस्क' किंवा 'ऑफर'.

चला, एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिला 'क' कंपनी म्हणू. पडद्यावर असं दिसतंय :

घेणारे : ५००.०० रुपयांना ९०० शेअर, ४९९.९५ ला ४००, ४९९.९० ला ६००.

विकणारे : ५००.०५ रुपयांना १०० शेअर, ५००.१० ला ७००, ५००.१५ ला ५००.

एकेका पायरीत पाच पैशांचा फरक आहे, हे लक्षात आलं ना? या किमतीच्या शेअरला पायरी पाच पैशांचीच असते. प्रत्येक भावापुढचा आकडा म्हणजे त्या पायरीवर उभ्या असलेल्या सगळ्यांना मिळून किती शेअर हवे आहेत किंवा द्यायचे आहेत ते. माणसं किती, हे या आकड्यावरून कळत नाही हं! ९०० शेअर एकालाच हवे असतील, नाहीतर नव्वद जणांना दहा दहा.

रांगेचा नियम रेशनच्या दुकानापेक्षा थोडा वेगळा आहे. घेणाऱ्यांत जो जास्त किंमत देईल तो पुढे. विकणाऱ्यांत जो कमी किंमत मागेल तो पुढे. दोघांची किंमत सारखी असेल तर जो आधी आला तो पुढे. इथं मात्र 'मध्ये घुसू नकोस' म्हणून भांडण होत नाही, कारण संगणक प्रत्येकाची वेळ लिहून ठेवतो.

आता दोन्ही रांगांचे पहिले दोन आकडे बघा. घेणारे ९००, विकणारे १००. भाव वर जाईल की खाली? घाई नको, विचार करा.

समजा एक जण आला आणि म्हणाला, "मला आत्ताच्या आत्ता १०० शेअर द्या, रांगेत थांबायला वेळ नाही." त्याला ५००.०५ चे १०० शेअर मिळतील आणि ती पायरी रिकामी होईल. पुढच्या घेणाऱ्याला ५००.१० मोजावे लागतील. म्हणजे भाव पाच पैसे चढला. आता उलटं करून बघू. एक जण १०० शेअर विकायला आला, त्यालाही घाई आहे. तो ५०० रुपयांना विकेल. पण तिथं तर ९०० ची मागणी आहे! १०० गेले तरी ८०० शिल्लक. ती पायरी रिकामी व्हायला असे नऊ विकणारे यावे लागतील. वर ढकलायला एक पुरतो, खाली ढकलायला नऊ लागतात. दोन्हीकडून सारखाच जोर लागला, तर जी भिंत पातळ आहे ती आधी पडणार.

म्हणजे दादाचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. जाणकार लोकही हे मोजतात, आणि त्यांची रीत तुम्ही पाचवीत शिकलात तीच आहे. घेणारे ९००, दोन्ही मिळून १०००. घेणाऱ्यांचा हिस्सा ९/१०. दोन भावांमधलं अंतर पाच पैसे. त्याचे ९/१० म्हणजे साडेचार पैसे. ५०० मध्ये साडेचार पैसे मिळवा. दोन्ही रांगांचा जोर धरून केलेला भावाचा अंदाज झाला ५०० रुपये साडेचार पैसे. नुसता मध्य काढला असता तर ५०० रुपये अडीच पैसे आला असता. घेणाऱ्यांच्या वजनानं तो वर सरकला. दोन्ही रांगा सारख्या असत्या तर तो बरोबर मधोमध राहिला असता. करून बघा.

इथपर्यंत खरं. आता दादाचे दोन हजार कुठे गेले ते शोधू.

पहिली गोष्ट म्हणजे हा अंदाज केवढा आहे? पुढच्या एका पायरीचा, पाच पैशांचा. तोही पुढच्या काही क्षणांपुरता. संध्याकाळपर्यंत काय होईल, उद्या काय होईल, याबद्दल या रांगा काहीही सांगत नाहीत. आपण सोसायटीच्या नळाला पाणी आलंय का ते बघतो, त्यावरून धरण किती भरलंय ते कळतं का? तसंच.

आणि पाच पैसे चढला तरी मिळतात किती? समजा दादानं ५००.०५ ला १०० शेअर घेतले. भाव एक पायरी चढला, घेणारे आता ५००.०५ ला उभे राहिले. दादाला विकायचे असतील तर त्या घेणाऱ्यांनाच विकावे लागणार. ५००.०५ ला घेतले, ५००.०५ ला विकले. मिळाले शून्य! अंदाज बरोबर आला तरी शून्य. दोन पायऱ्या चढला तर १०० शेअरवर पाच रुपये. तीन पायऱ्या चढला तर दहा. पण त्याच दिवशी घेऊन विकले की विक्रीच्या रकमेवर ०.०२५ टक्के कर सरकारला द्यावा लागतो. पन्नास हजारांवर तो किती? साडेबारा रुपये. म्हणजे तीन पायऱ्या चढूनही अडीच रुपये खिशातूनच गेले. दलालाची दलाली आणि बाकीचे आकार मी धरलेच नाहीत.

मुलांनो, हे गणित वहीत मांडून घरी दाखवा. मोबाइलवर ते एका ठिकाणी मांडलेलं दिसत नाही.

दुसरी गोष्ट. पत्रात 'खाली दोन आकडे' असं लिहिलंय. ते बहुतेक पहिल्या पायरीचे आकडे नसावेत. बऱ्याच अ‍ॅपमध्ये सगळ्यांत खाली एकूण घेणारे आणि एकूण विकणारे अशी बेरीज दिलेली असते. त्यात वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या पायऱ्यांवरचे शेअर येतात. ५०० चा शेअर कुणी "४६० ला मिळाला तर घेईन" म्हणून ठेवलेला असतो, तोही या बेरजेत! आता मला सांगा, मी फळवाल्याकडे जाऊन म्हटलं, "हापूस शंभर रुपयांना पेटी दिलीत तर पन्नास पेट्या घेईन," तर हापूसची मागणी वाढली का? फळवाला हसेल आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळेल. या एकूण बेरजेवरून पुढचा भाव सांगणं म्हणजे माझ्यासारख्या गिऱ्हाइकांची डोकी मोजणं. मला विचाराल तर तो आकडा झाकूनच ठेवावा.

तिसरी गोष्ट गमतीची आहे. रांगेत दिसतं ते सगळं नसतं. बाजाराच्या नियमानुसार आपली ऑर्डर पूर्ण न दाखवता तिचा काही भागच दाखवता येतो. निदान दहावा हिस्सा दाखवावा लागतो. म्हणजे ज्याला १००० शेअर विकायचेत तो १०० च दाखवू शकतो. ते १०० विकले गेले की पुढचे १०० त्याच भावाला येतात, ते संपले की आणखी १००. आता आपल्या 'क' कंपनीकडे पुन्हा बघा. ५००.०५ वरची ती १०० ची पातळ भिंत! ती खरंच पातळ असेल किंवा तिच्यामागे ९०० लपलेले असतील. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आणि यात लबाडी काही नाही बरं का. एखाद्याला खूप शेअर विकायचेत हे सगळ्यांना आधीच कळलं तर विकायच्या आतच भाव पडेल, म्हणून ही सोय ठेवलेली आहे. शेतकरीसुद्धा सगळ्या गाड्या एकाच दिवशी बाजारात उभ्या करत नाही.

चौथी गोष्ट सांगण्याआधी माझ्या पाचवीच्या वर्गात काय झालं ते सांगते. शनिवारची सकाळची शाळा होती. आम्ही बाजार-बाजार खेळत होतो. पैशांच्या जागी चिंचोके, शेअरच्या जागी खोडरबर. प्रत्येकाला दहा चिंचोके, काही जणांना दोन दोन खोडरबर. फळ्याचे दोन भाग केले, डावीकडे घेणारे, उजवीकडे विकणारे. ज्यानं त्यानं यायचं, खडूनं आपला आकडा लिहायचा, मन बदललं तर पुसायचा. कुणी पाच चिंचोक्यांना एक मागत होतं, कुणी सहाला देत होतं. छान चाललं होतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक पठ्ठ्या उठला. त्यानं डावीकडे लिहिलं : '५ ला २० खोडरबर'. वर्गात एकदम खळबळ! वीस! मग काय, सगळ्यांना वाटलं की आता खोडरबर संपणार. सहाचे गेले. सातचे गेले. एका मुलीनं आठ चिंचोके देऊन एक घेतलं. कुणाकडून? त्याच मागच्या बाकावरच्या पठ्ठ्याकडून! त्याची दोन्ही खोडरबर आठ आठला विकली गेली, मग तो सावकाश फळ्याजवळ गेला आणि आपली वीसची ओळ पुसून जागेवर जाऊन बसला. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग भाव घसरला थेट पाचवर. आठ चिंचोके घालवलेली मुलगी रडवेली झाली. "बाई, यानं फसवलं!" तो म्हणाला, "बाई, मन बदललं तर पुसायचं, असं तुम्हीच सांगितलं होतं."

बोलणं खरं होतं. मग मी वर्गालाच विचारलं की आता काय करायचं? एकानं सुचवलं, लिहिण्याआधी चिंचोके टेबलावर ठेवायचे. पठ्ठ्याकडे दहाच होते, वीस खोडरबरांना शंभर लागले असते. सगळ्यांना पटलं. खऱ्या बाजारातही दलाल आधी पैसे बघतो. पण ज्याच्याकडे शंभर चिंचोके खरंच आहेत तो ठेवेल, ओळ लिहील आणि पुसून परत घेईल! दुसऱ्यानं सुचवलं, लिहिलेलं पाच मिनिटं पुसायचंच नाही. त्यावर आठ चिंचोके घालवलेली तीच मुलगी म्हणाली, "आणि चुकून २ च्या जागी २० लिहिलं गेलं तर?" वर्ग गप्प. मीसुद्धा.

आमच्या वर्गाला अडलेला हाच प्रश्न जगभरच्या शेअरबाजारांनाही अडलेला आहे. ऑर्डर मागे घेता आलीच पाहिजे, नाहीतर साध्या चुकीची शिक्षा फार मोठी होईल. पण मागे घेता येते म्हटल्यावर घ्यायचंच नसतानाही कुणी मोठा आकडा लावू शकतो. नुसत्या आकड्यावरून दोघं वेगळे ओळखता येत नाहीत, हेतू बघावा लागतो. मुळात पुरी करायचीच नसलेली ऑर्डर इतरांना फसवायला लावणं, या प्रकाराला 'स्पूफिंग' म्हणतात. अमेरिकेत २०१० च्या कायद्यानं त्यावर नाव घेऊन बंदी घातली. आपल्याकडे बाजारावर देखरेख ठेवणारी 'सेबी' ही संस्था फसवणुकीच्या नियमांखाली अशांवर कारवाई करते.

मागच्या बाकावरच्या पठ्ठ्याचा मोठा भाऊ शोभेल असा एक माणूस लंडनमध्ये होता. नविंदर सिंग सराव त्याचं नाव. पश्चिम लंडनमधल्या हाउन्स्लो भागात तो आईवडिलांच्या घरी राहायचा आणि तिथूनच संगणकावरून अमेरिकेतल्या शिकागोच्या बाजारात सौदे करायचा. त्यानं एक प्रोग्राम बनवून घेतला होता. हा प्रोग्राम विकणाऱ्यांच्या रांगेत, चालू भावाच्या थोडं वर, प्रचंड मोठ्या ऑर्डरी लावायचा. बाकीच्यांना वाटायचं, बापरे, केवढे विकणारे! भाव आता पडणार! ते घाबरून विकायचे. भाव चढून त्या ऑर्डरींच्या जवळ आला की प्रोग्राम त्यांना आणखी वर सरकवायचा. म्हणजे रांगेत दिसायचं खरं, पण खिडकीपाशी कधी पोहोचायचंच नाही! इकडे खऱ्या छोट्या सौद्यांत सराव आपला फायदा करून घ्यायचा.

६ मे २०१० रोजी अमेरिकेचा बाजार काही मिनिटांत भयंकर कोसळला आणि काही मिनिटांत बराचसा सावरलाही. त्या दिवशी सरावच्या ऑर्डरी १९ हजारांहून जास्त वेळा बदलल्या गेल्या होत्या आणि शेवटी रद्द झाल्या होत्या. त्या पडझडीला तो एकटाच कारण होता असं नाही. एका मोठ्या फंडाची प्रचंड विक्रीही त्या वेळी चालू होती, आणि कुणाचा वाटा किती यावर जाणकारांचं एकमत नाही. पण फसव्या ऑर्डरी लावल्याचा गुन्हा मात्र त्यानं कबूल केला. २०१५ च्या एप्रिलमध्ये त्याला अटक झाली, २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये कबुली दिली आणि २०२० च्या जानेवारीत शिकागोच्या न्यायालयानं त्याला एक वर्ष घरातच राहण्याची शिक्षा दिली. तपासात त्यानं सरकारला बरीच मदत केली, म्हणून शिक्षा हलकी झाली.

लक्षात घ्या, सरावला फसवायला कुणाचा पासवर्ड चोरावा लागला नाही. लोक दोन रांगांचे आकडे बघून भावाचा अंदाज बांधतात, एवढंच त्याला पुरलं. पत्रातला दादा बांधतो तसाच अंदाज.

मग रांग वाचायचीच नाही का? वाचा की! पण त्यासोबत आणखी एक आकडा वाचायचा. दिवसभरात एकूण किती शेअरचे सौदे झाले, तो आकडा पडद्यावर असतोच आणि तो वाढतच जातो. रांग म्हणजे लोक काय करू म्हणतात ते. सौदा म्हणजे त्यांनी काय केलं ते. झालेला सौदा पुसता येत नाही.

उदाहरण घेऊ. ५०० वर घेणारे ९०० होते. थोड्या वेळानं बघितलं तर २००. सातशे कुठे गेले? झालेल्या सौद्यांचा आकडा मधल्या वेळात ७०० नं वाढला असेल, तर त्यांनी खरोखर शेअर घेतलेले असू शकतात. म्हणजे विकणारे जोरात आहेत. सौद्यांचा आकडा फक्त २० नं वाढला असेल, तर निदान ६८० जण... चुकलं, निदान ६८० शेअरची मागणी नुसतीच उठून गेली. (जण आणि शेअर यांची गल्लत करायची नाही, असं मीच वर बजावलं होतं ना!) आठवा तो फळा आणि पुसलेली वीसची ओळ. मधल्या काळात नवे लोकही रांगेत येतात, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत जुळत नाही. पण रांग खाल्ली गेली की पळून गेली, हे त्यातून बरंचसं कळतं.

एक अडचण मात्र उरतेच, आणि ती मी लपवणार नाही. हा सगळा हिशेब संगणकही करतात. मोठ्या कंपन्या आपले संगणक बाजाराच्या संगणकाच्या शेजारी, त्याच इमारतीत भाड्यानं जागा घेऊन ठेवतात. तारेचं अंतर जितकं कमी तितकी बातमी लवकर. आपली पापणी लवेपर्यंत त्यांचं रांग वाचून, अंदाज बांधून, ऑर्डर लावून झालेलं असतं. दादाच्या मोबाइलवर जी रांग उमटते ती त्यांच्या दृष्टीनं शिळी असते. पाच पैशांच्या त्या पुढच्या पायरीवर ते आधीच उभे असतात.

सेबीनं जुलै २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. त्याच दिवशी शेअर घेऊन त्याच दिवशी विकणाऱ्या सर्वसामान्य माणसांचं २०२२-२३ या वर्षात काय झालं, ते त्यात मोजलं होतं. दहातल्या सात जणांचा तोटा झाला होता. तिशीच्या आतल्यांचे आकडे वेगळे काढले तेव्हा शंभरातले ७६ तोट्यात निघाले. पत्र लिहिणाऱ्या मित्रा, हे दादाला वाचून दाखव, आणि आईलाही. दादा या शहात्तरांतला एक आहे. ते सगळे काही मूर्ख नव्हते.

पालकहो, मुलं मोबाइलवर लाल-हिरवे आकडे बघतातच. ते झाकण्यापेक्षा कागद-पेन्सिल घेऊन वरचं साडेबारा रुपयांचं गणित त्यांच्याकडून एकदा करून घ्या. चिंचोक्यांचा खेळही घरी खेळता येतो, सहा जण पुरतात. मात्र कुणीतरी एकानं पुसणारा व्हायचं, आणि कोण ते आधी सांगायचं नाही!

आता या वेळचं कोडं.

'ख' कंपनीच्या शेअरला ८००.०० रुपयांना ३०० घेणारे शेअर आहेत आणि ८००.०५ रुपयांना १२०० विकणारे शेअर. (१) दोन्ही रांगांचा जोर धरून भावाचा अंदाज किती पैशांवर येईल? (२) एका मिनिटानं ८००.०० वर ३०० च्या जागी ५० च दिसले. त्या मिनिटात एकूण ४० शेअरचे सौदे झाले. नवीन कुणी रांगेत आलं नाही असं धरा. निदान किती शेअरची मागणी न घेताच उठून गेली? (३) ८००.०५ वर दिसणारे १२०० हे एखाद्या विकणाऱ्यानं आपल्या ऑर्डरचा फक्त दहावा हिस्सा दाखवल्यामुळे दिसत असतील, तर त्याला एकूण किती शेअर विकायचे आहेत?

नुसतं उत्तर नको, रीतही लिहा. पोस्टकार्डावर मावेल तेवढीच. पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात इयत्ता लिहायला विसरू नका.